जालना की अंबाजोगाई? एमबीबीएससाठी नवं सरकारी कॉलेज घ्यावं की जुनं?

समजा, तुमचं घर छत्रपती संभाजीनगरात आहे. नीटमध्ये मार्क चांगले आहेत, पण घाटीत नंबर लागेल इतके नाहीत. खासगी कॉलेजची फी घराला झेपणारी नाही. कॅप राउंडसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे आणि यादीत दोन सरकारी नावांवर गाडी अडली आहे.

एक जालना. घरापासून तासाभराच्या अंतरावर, २०२४ साली सुरू झालेलं. दुसरं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १९७४ पासूनचं, पण घरापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. आई म्हणते जालना, क्लासचे सर म्हणतात अंबाजोगाई आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवं मत येतं.

अशी निवड कशाच्या आधारावर करायची, ते समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का पडायला लागला?

कारण दहा वर्षांपूर्वी मराठवाड्यात एवढे पर्यायच नव्हते. संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ साली सुरू झाली. मग १९७४ मध्ये अंबाजोगाई, १९८८ मध्ये नांदेड आणि २००२ मध्ये लातूर. म्हणजे चार सरकारी कॉलेजं उभी राहायला ४६ वर्षं लागली.

त्यानंतर मात्र वेग बदलला. २०२२ मध्ये धाराशिव, २०२३ मध्ये परभणी आणि २०२४ मध्ये जालना व हिंगोली. तीन वर्षांत चार. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राज्यातल्या ज्या १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात जालना आणि हिंगोली ही दोन्ही होती. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

दुसरा बदल २०२० चा. तोपर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. ज्या विभागातलं कॉलेज, त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा आणि उरलेल्या ३० टक्के बाकी राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी असल्यामुळे इथल्या मुलांवर अन्याय होतो, अशी तक्रार अनेक वर्षं होत होती. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द झाल्याचं जाहीर केलं. आता राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी सगळा महाराष्ट्र एकाच गुणवत्ता यादीत असतो. त्यामुळे पसंतीक्रमाची यादी लांबली आणि डोक्याला तापही वाढला.

फी तीच, डिग्री तीच. मग फरक कशात?

दोन्ही कॉलेजं सरकारी, त्यामुळे फीमध्ये निर्णय फिरेल असा फरक नाही. दोन्हीकडची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. परीक्षा त्याच आणि पास झाल्यावर एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँडही दोन्हीकडे. पुढे एमडी-एमएसला जायचं तर नीट पीजीचा रँक लागतो. तिथे कॉलेजच्या नावाला वेगळे मार्क मिळत नाहीत.

फरक आहे तो पेशंटमध्ये आणि त्या पेशंटजवळ उभं राहून तुम्हाला शिकवणाऱ्या माणसांमध्ये.

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्र. हे वर्ष मुख्यतः लेक्चर हॉल, डिसेक्शन हॉल आणि प्रयोगशाळेत जातं. नव्या कॉलेजमध्ये हा भाग उभा करणं तुलनेनं सोपं असतं. इमारत नवी, बाक नवे, यंत्रं नवी. पालक कॉलेज बघायला जातात तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसतं.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे मुलं वॉर्डात जायला लागली की होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं आणि त्यातल्या ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात. म्हणजे साधारण ३३६ पेशंट कायम दाखल हवेत. पण किती खाटा भरल्यात, यासोबतच त्या कोणत्या पेशंटनी भरल्यात हेही महत्त्वाचं. फक्त ताप आणि सलाईनचे पेशंट असतील, तर विद्यार्थी तेवढंच शिकणार.

नवी कॉलेजं बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाला जोडून सुरू झालीत. जिल्हा रुग्णालयाची सवय असते अवघड केस मोठ्या दवाखान्यात ‘रेफर’ करण्याची. जालन्याहून घाटी तासाभरावर आहे. गंभीर पेशंट अँब्युलन्समध्ये बसून घाटीत गेला की त्याच्यासोबत जालन्याच्या विद्यार्थ्याचा धडाही गेला. अंबाजोगाईचं उलटं आहे. केज, धारूर, परळी या भागातून रेफर झालेले पेशंट तिथे येतात. सर्पदंश, विषबाधा, अपघात, अडलेल्या बाळंतपणाच्या केस हे तिथलं रोजचं काम.

दुसरी गोष्ट निवासी डॉक्टरांची. जुन्या कॉलेजमध्ये एमडी-एमएस करणारे निवासी डॉक्टर असतात. रात्री दोन वाजता टाका कसा घालायचा, ईसीजी कसा वाचायचा, हे प्रोफेसरपेक्षा तेच जास्त शिकवतात. नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचेसना सुरुवातीला ना निवासी डॉक्टर मिळतात, ना इंटर्न, ना सीनियर.

बाहेरच्या देशातही हाच प्रश्न

अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन मार्ग आहेत. एक एम.डी. पदवीचा आणि दुसरा डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक पदवीचा. या दुसऱ्या परंपरेचं पहिलं कॉलेज १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथे निघालं. तिकडे डी.ओ. झालेलेही पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहितात, ऑपरेशन करतात. २०२० पासून दोन्ही पदव्यांसाठी रेसिडेन्सीची मान्यता एकाच यंत्रणेकडे आहे.

पण यातल्या बऱ्याच ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या गावांतल्या रुग्णालयांत पाठवलं जातं. त्यामुळे अशा दोन कॉलेजांमधून एक निवडताना तिथले जाणकार विचारतात, ‘शेवटची दोन वर्षं कुठल्या रुग्णालयात आणि कोणाच्या हाताखाली काढायची आहेत?’ जालना आणि अंबाजोगाईच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायला हवा.

जाता जाता एक सावधगिरी. भारतात ‘ऑस्टिओपॅथी’ नावाने चालणारे कोर्स म्हणजे अमेरिकेतली डी.ओ. पदवी नव्हे. ते करून इथे एमबीबीएस डॉक्टरसारखी प्रॅक्टिस करता येत नाही.

नव्या कॉलेजची बाजूही ऐका

नवं म्हणजे वाईटच, असं मुळीच नाही. बॅच १०० जणांची असते, त्यामुळे शिक्षक पुरेसे असतील तर ते मुलांना नावानिशी ओळखतात. वॉर्डात गर्दी करणारे सीनियर नसल्याने काही कामं थेट विद्यार्थ्याच्या हातात येऊ शकतात. घर जवळ असेल तर खर्च वाचतो आणि आजारपणात, परीक्षेच्या ताणात घरचं माणूस तासाभरात पोहोचतं. ज्या घरात आजारी आई-वडील आहेत किंवा महिन्याचे चार-पाच हजार रुपयेही मोजून खर्च होतात, तिथे हा मुद्दा छोटा नाही.

शिवाय जुन्या कॉलेजांतही सगळं आलबेल नसतं. पदं रिकामी असतात, वसतिगृहं जुनी झालेली असतात. १९७४ चा बोर्ड आहे म्हणून २०२० नंतरचं शिक्षण आपोआप चांगलं ठरत नाही.

प्रत्यक्ष जाऊन काय बघायचं?

कट-ऑफ वरून फक्त एवढंच कळतं की गेल्या वर्षी इतर मुलांनी काय निवडलं. तिथे शिकवतात कसं, हे कळत नाही. त्यासाठी एक दिवस काढा आणि प्रिन्सिपलच्या केबिनआधी ओपीडीत जा.

१. सकाळी दहा वाजता ओपीडीत केवढी गर्दी आहे? मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि बालरोग या चारही विभागांत पेशंट आहेत का?

२. बाळंतपणं कुठे होतात? स्त्री रुग्णालय वेगळ्या जागी असेल, तर विद्यार्थ्यांना तिथे नेण्याची सोय काय?

३. रात्री अपघाताची केस आली तर ऑपरेशन तिथेच होतं की पेशंट रेफर होतो? हे नर्स, वॉर्डबॉय आणि गेटवरचे अँब्युलन्सवाले खरं सांगतात.

४. किती शिक्षक कायम आहेत, किती कंत्राटी आणि किती दुसऱ्या कॉलेजमधून तात्पुरते आणलेले? तपासणीपुरते आलेले शिक्षक नंतर परत जातात.

५. वसतिगृह कॅम्पसमध्ये आहे का? नसेल तर रात्रीच्या ड्युटीनंतर मुली परत कशा जातात?

हे सगळं तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपत्रकात नसलेली उत्तरं मिळतील.

पसंतीक्रम भरताना होणारी चूक

‘अंबाजोगाई वर टाकलं आणि नाही लागलं, तर जालनाही हातचं जाईल,’ अशी भीती अनेकांना वाटते. ती चुकीची आहे. यादीतला वरचा पर्याय तुमच्या गुणवत्तेत बसला नाही तर सिस्टिम खालचा पर्याय बघते. वर टाकल्याने खालच्या पर्यायाचं नुकसान होत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जे तुम्हाला खरोखर हवंय.

पण एक नियम लक्षात ठेवा. पुढच्या फेरीत बेटरमेंट घेतलं आणि वरचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप जाते. मग मागे फिरता येत नाही. त्यामुळे ‘बघू तर लागतं का’ म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण फेऱ्यांचे नियम बदलत असतात.

मग निवडायचं काय?

घरची अडचण नसेल, तर गंभीर पेशंट स्वतः सांभाळणारं आणि निवासी डॉक्टर असलेलं जुनं कॉलेज वर ठेवावं. दोनशे किलोमीटरचा त्रास साडेपाच वर्षांचा आहे, हाताला लागलेलं वळण आयुष्यभराचं. पण तुम्ही जाऊन बघितलं आणि नव्या ठिकाणी ओपीडी भरलेली, शिक्षक कायम, ऑपरेशनं तिथेच होत असलेली दिसली, तर बिनधास्त घराजवळचं घ्या. नावावरून ठरवू नका, वॉर्डावरून ठरवा.

हे महत्त्वाचं अशासाठी की बाँडच्या वर्षात यातलाच एखादा विद्यार्थी कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा ड्युटीवर असेल. अडलेली बाई दारात येईल तेव्हा त्यानं किंवा तिनं आधी किती बाळंतपणं पाहिलीत, यावर दोन जीव अवलंबून असतील.

आणि हा सगळा शोध अठरा वर्षांच्या मुलानं एसटीनं फिरून घ्यावा लागू नये. प्रत्येक सरकारी कॉलेजमध्ये कायम शिक्षक किती, दाखल पेशंट किती, शस्त्रक्रिया किती आणि रेफर किती, हे चार आकडे प्रवेशाच्या आधी सरकारनं एका पानावर द्यायला हवेत. आठ जिल्ह्यांत आठ कॉलेजं झाली, हे चांगलंच आहे. आता ती सारखी शिकवतील, हे बघायचं आहे.