एचटीएमएल की पीएचपी : शोधात वर कोण येतं?



मागच्या महिन्यात शहापूर तालुक्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. चहाच्या वेळी एका सरांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. सर स्वतःची शैक्षणिक वेबसाईट चालवतात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, "तुमच्या पानांच्या पत्त्याच्या शेवटी डॉट एचटीएमएल आहे, म्हणून गूगल तुम्हाला मागे टाकतं. सगळी पानं पीएचपीत करून घ्या, लगेच वर याल." या कामाचे साडेचार हजार रुपये मागितले होते. सर म्हणाले, "तुम्ही तंत्रस्नेही आहात. सांगा, करू का?"

मी म्हटलं, "सर, अजिबात करू नका." का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो.

शेपटीने फरक पडत नाही

एचटीएमएल ही वेबपान मांडायची भाषा आहे. पीएचपी हे सर्व्हरवर बसून ते पान तयार करणारं साधन. पान कसंही तयार होवो, आपल्या ब्राउझरकडे आणि गूगलकडे शेवटी एचटीएमएलच पोचतं. आपण टाचण वहीत काढलं की मोबाईलमध्ये, हे फळ्यावरचा धडा वाचणाऱ्या मुलांना कुठे कळतं? तसंच हे. पत्त्याच्या शेवटी एचटीएमएल असो, पीएचपी असो, एएसपी असो किंवा काहीच नसो, त्यामुळे क्रमांक बदलत नाही. गूगलच्या लोकांनीही हे अनेकदा स्पष्ट केलं आहे.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर 1998 सालीच लिहून ठेवलं, की पत्त्यात अशी शेपटी ठेवूच नका. उद्या तंत्र बदललं तरी पत्ता बदलायला नको, हे त्यामागचं कारण.

उलट शेपटी बदलण्यात नुकसान आहे. पत्ता बदलला की ग्रुपवर शेअर झालेल्या, इतर शिक्षकांनी जपून ठेवलेल्या सगळ्या जुन्या लिंक बंद पडतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय नीट केली नाही, तर होतं तेही जातं.

मग फाईलच्या प्रकाराने काहीच फरक पडत नाही का? पडतो. पण तो पत्त्याच्या शेपटीत नाही, पानाच्या पोटात आहे. हे मला माझ्या भाचीने शिकवलं.

"मामा, सापडत का नाही?"

भाची मुरबाडला सातवीत आहे. डिसेंबरात तिला प्रकल्प मिळाला, 'आपल्या तालुक्यातील हुतात्मे'. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. सिद्धगड तिच्याच तालुक्यातला. तिने मोबाईलवर शोधलं, तर आधी आल्या ट्रेकच्या जाहिराती आणि वाटेचे फोटो. मी या विषयावर आदल्या वर्षी चांगलं दोन पानी लिहिलं होतं. ते काही आलं नाही. तिने फोन केला, "मामा, तुम्ही लिहिलंय म्हणता, मग सापडत का नाही?"

उघडून पाहिलं. माझ्या पानाचा पत्ता अगदी व्यवस्थित डॉट एचटीएमएलने संपत होता. पण आत होतं फक्त एक जेपीजी चित्र. रंगीत चौकट, कोपऱ्यात माझं नाव, सगळा मजकूर चित्रात. शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान जवळजवळ कोरं होतं. चित्रातली अक्षरं ओळखण्याचं तंत्र आज आहे, तरी महत्त्वाचा मजकूर चित्रात टाकू नका, असं गूगल स्वतःच सांगतं.

पीडीएफचं जरा वेगळं. गूगल 2001 पासून पीडीएफ शोधात घेतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमधली अक्षरं ओळखायला त्याने 2008 मध्ये सुरुवात केली. पीडीएफचा क्रमांक साधारण इतर पानांसारखाच लागतो, हेही त्याने 2011 मध्ये सांगितलं. म्हणजे पीडीएफ वाईट नाही. पण आपण काय करतो? हाताने लिहिलेल्या किंवा पुसट झेरॉक्सचे फोटो काढतो आणि त्यांची पीडीएफ करतो. जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा यांत यंत्र अडखळतं. छपाईसाठी पीडीएफ जरूर द्या, पण तोच मजकूर पानावरही टाईप केलेला असू द्या.

तिसरी अडचण जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाईप केलेल्या किती प्रश्नपत्रिका आपल्याकडे पडून आहेत! डोळ्यांना मराठी दिसते, पण फाईलच्या आत रोमन अक्षरांची खिचडी असते. ती शोधयंत्राला काय कळणार? युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय तो सापडणार नाही.

आणि वजन. मोबाईलने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. माळशेजच्या पायथ्याशी नेटवर्कची एकच कांडी असलेल्या पालकाला तो उघडेपर्यंत धीर राहत नाही. पान किती वेगाने उघडतं, हे गूगल 2010 पासून थोडंफार विचारात घेतं, आणि 2018 पासून मोबाईलसाठीही.

"पण मजकूर चोरीला जातो"

हे मला अनेक शिक्षक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. टाईप केलेला मजकूर लोक उचलतात, आपलं नाव पुसतात, स्वतःचं टाकतात. माझंही झालंय, राग येतो. पण चित्र केलं म्हणून चोरी थांबते का? नाव कापून तेच चित्र फिरतं. चोराला दोन मिनिटं जास्त लागतात, आणि ज्या मुलासाठी लिहिलं त्याला मात्र ते कधीच सापडत नाही. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे. आपल्या तालुक्याबद्दल मराठीत लिहिणारे आधीच थोडे. त्यांनीही चित्रात कोंडून घेतलं, तर मुलांनी माहुली, सिद्धगड, म्हशाची यात्रा यांच्याबद्दल कुणाकडून वाचायचं?

एक सोपी परीक्षा सांगतो. आपलं जुनं पान मोबाईलवर उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकल्यावर तो मराठीतच दिसला, तर पान ठीक आहे. नाही दिसला, तर ते पुन्हा टाईप करा. बोलून टाईप करण्याची सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे.

सिद्धगडाचा मजकूर मी त्याच रात्री टाईप केला. भाचीच्या प्रकल्पाला उशीर झाला होता, तिला फोनवरच सांगून लिहून द्यावं लागलं. काही आठवड्यांनी तिनेच पुन्हा शोधून पाहिलं. माझं पान पहिलं नव्हतं, खाली होतं. पण होतं.

त्या सरांनी साडेचार हजार दिले नाहीत. सध्या रोज शाळा सुटल्यावर एक जुनं पान टाईप करताहेत.