रात्रीचे पाणी आणि उघडे पाय

शेतकरी बांधवांनो, थंडी मी म्हणते आहे. गहू, हरभरा, कांदा पाण्यावर आला आहे आणि लाईटची पाळी नेमकी रात्रीची. मग तुम्ही डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन दारे धरायला निघता. साऱ्या अंगाचा बंदोबस्त झाला; पण पायांचे काय? फार तर झिजलेली स्लीपर, आणि पाटात उतरताना तीही बांधावर काढून ठेवलेली!

दिवसा वीज मिळावी ही मागणी रास्तच आहे. त्यासाठी 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला. ज्यांना दिवसाची लाईट मिळाली ते सुटले. बाकीच्यांनी तोवर उघड्या पायांनी अंधारात किती दिवस उतरायचे?

थंडीत साप निघत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. यावर विसंबू नका. घोणशीचा जुळणीचा काळच हिवाळ्यात येतो. उसाच्या पाचटात, बांधाच्या गवतात ती पडून असते आणि पाय पडला की डसते. तोही बहुधा घोट्याच्या आसपास. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यातली. शिवाय काटा, काच, फावड्याचा घाव, चिखलाने कुजलेली बोटे, टाचांच्या भेगा हे आहेच.

यावर सोपा उपाय म्हणजे गमबूट. पण घेताना नीट बघून घ्या. उंची गुडघ्याच्या थोडी खाली येईल एवढी हवी; घोट्यापर्यंतचा बूट सापाला अडवत नाही आणि त्यात चिखलही शिरतो. तळाला खोल खाचा हव्यात, नाहीतर ओल्या बांधावर घसरलातच म्हणून समजा. माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे थोडी जागा राहू द्या. घट्ट बुटात पाय अधिकच गारठतो. आणि हे ध्यानात ठेवा, रबराला स्वतःची ऊब नसते, ऊब मोज्याची. मोजा ओला झाला की बदला. मधुमेह असेल त्यांनी रोज पाय तपासावेत, जखम झालेली कळत नाही.

बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटका. आत विंचू बसलेला असू शकतो. वापरून झाल्यावर धुऊन सावलीत वाळवा, चुलीजवळ नको. आणखी एक, बरं का! गमबूट म्हणजे विजेपासून कवच नव्हे. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही तो नाहीच. आणि बूट आहे म्हणून बॅटरी घरी ठेवू नका.

एवढे करूनही दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारी लस तिथे मिळते. गावकारभाऱ्यांनी आपल्या जवळच्या दवाखान्यात ती शिल्लक आहे की नाही, याची चौकशी हंगामाच्या आधीच करून ठेवावी.

शेवटची गोष्ट मोठ्या बागायतदारांसाठी. रात्री दारे धरायला बहुतेक वेळा तुम्ही नसता, तुमचा सालगडी असतो. त्याच्या पगारात बूट बसत नाहीत. पाडव्याला साल ठरवताना धान्य, कपडे बोलता, तसा गमबुटाचा जोडही बोला. खुरपणीला, पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या मापाचे बूट गावच्या दुकानात सहसा नसतात. चार घरांनी मिळून मागणी केली, तर दुकानदार आणून देईल.

मोटार जळाली तर आपण रातोरात रिवायंडिंगला नेतो. पायांची किंमत मोटारीहून कमी नाही. येत्या बाजारच्या दिवशी खत-बियाण्यांच्या यादीत एक जोड गमबूट लिहा. आणि गडी असेल तर दोन.