उंची वाढवण्याआधी वजन करा

मंडळी, या शनिवारचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे. इथे अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या लोकांत (त्यात आता आपली देशी मंडळीही दिसतात) ट्रेलर ‘लिफ्ट’ करायचं वारं शिरलंय. म्हणजे सस्पेन्शनमध्ये फेरफार करून अख्खा सांगाडा चार-पाच इंच वर उचलायचा. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अरे, टायर वर घासतोय." माझं मत आधीच सांगून टाकतो. टायर घासत असेल तर ट्रेलर उचलणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या किंवा दणकट एसयूव्हीच्या मागे जोडायचं, चाकांवरचं वन-रूम-किचन. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याची टाकी. इंजिन नाही. मध्यम आकाराच्या ट्रेलरला खाली दोन अ‍ॅक्सल, चार चाकं आणि बहुतेकांना आपल्याकडच्या ट्रकला असतात तसेच पाटे. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या पाट्यामध्ये एक तिकोनी लोखंडी तुकडा टांगलेला असतो, तो इक्वलायझर. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की तो झोपाळ्यासारखा हलतो आणि दोन्ही चाकांत भार वाटून देतो. थोडक्यात, चाकांनी सतत वरखाली होत राहायचं असतं आणि त्यासाठी टायरच्या डोक्यावर मोकळी जागा लागते. ती संपली की रबर पत्र्याला लागतं.

आता लिफ्टची गंमत. बऱ्याच ट्रेलरना कारखान्यातूनच पाटे अ‍ॅक्सलच्या खाली बसवलेले असतात, म्हणजे ट्रेलर बुटका राहतो. लिफ्ट करताना अ‍ॅक्सलवर नवीन बैठका वेल्ड करून पाटे अ‍ॅक्सलच्या वर आणतात. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी, मिळून साधारण 4 ते 5 इंच हाती लागतात. दिसायला सोपं काम आहे. एक शनिवार, एक वेल्डर, चार जॅक.

पण आपण सॉफ्टवेअरवाले लोक हा प्रकार ऑफिसात रोज बघतो. क्वेरी मंद झाली, टाइमआउट येतोय. कुणीतरी शहाणा 30 सेकंदांचा टाइमआउट 120 करतो आणि तिकीट बंद! एरर गेली, पण क्वेरी का मंद झाली ते कुणी बघितलंच नाही. टायर घासणं ही ती एरर आहे. कारखान्यातून निघाला तेव्हा ट्रेलरचा टायर घासत नव्हता. मग आताच काय बदललं?

उत्तरं मोजकीच आहेत. पहिलं, पाटे थकले. वर्षानुवर्षं वजन सोसून त्यांची कमान सपाट होते आणि बॉडी खाली बसते. दुसरं, बोल्टवरचे बुश झिजले. कारखान्यातून बऱ्याचदा तिथे प्लास्टिकचे बुश येतात; ते संपले की बोल्ट लोखंडात भोक रुंदावत बसतो. तिसरं, टायर मोठे घातले. आणि चौथं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे वजन.

टायरचं गणित बघा. ट्रेलरच्या टायरवर आकड्यांच्या आधी ‘एसटी’ लिहिलेलं असतं (आपला लाल डबा नव्हे, स्पेशल ट्रेलर!). एसटी 205/75 आर14 चा व्यास होतो सुमारे 26.1 इंच. एसटी 225/75 आर15 चा 28.3 इंच. म्हणजे मोठा टायर घातला तर वरची जागा 1.1 इंचाच्या आसपास कमी होते. ही जागा लिफ्टने भरून निघेल, मान्य. पण पुढच्या आणि मागच्या टायरमधली फट? दोन अ‍ॅक्सलमध्ये 33 इंच अंतर असेल तर ती जवळजवळ 7 इंचांवरून 4.7 इंचांवर येते. ट्रेलर तुम्ही गच्चीवर नेऊन ठेवलात तरी ही फट वाढणार नाही, कारण ती अ‍ॅक्सलमधल्या अंतरावर ठरते.

आता वजन. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन 8.3 पौंडांच्या वर भरतो. 40 गॅलनची टाकी काठोकाठ भरली की 330 पौंड गेले. त्यावर प्रेशर कुकर, तांदळाची गोणी, मुलांच्या सायकली, जनरेटर. किती सामान चालेल ते दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं, पण तो स्टिकर वाचतो कोण? लिफ्ट केल्याने त्यावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, टायर तेच, ओझंही तेच. फक्त घासण्याचा आवाज बंद होतो, म्हणजे तुम्हाला मिळणारी एकमेव सूचनाच बंद.

आणि ती सूचना महत्त्वाची आहे. जास्त भाराने टायर तापतो आणि हायवेवर फुटतो. ट्रेलरचा टायर फुटलेला चालकाला कधीकधी कळतसुद्धा नाही. रबराचे फटकारे चाकावरची फरशी, वायरी, गॅसची नळी फाडत जातात. पुढच्या गाडीत आपली मुलं बसलेली असतात, आणि मागून येणाऱ्या गाडीत दुसऱ्याची.

माझ्या ट्रेलरच्या डाव्या चाकावर घासल्याची चमकदार रेघ दिसली तेव्हा एका वर्कशॉपने तपासायच्या आधीच लिफ्टचा भाव सांगितला. मी आधी टेप घेऊन मोजलं: डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच खाली. मग ट्रक-स्टॉपच्या काट्यावर भरलेला ट्रेलर तोलला. एकूण वजन मर्यादेत होतं, पण टाकी आणि सगळं जड सामान डावीकडे. नवीन पाटे, पितळी बुश, नवा इक्वलायझर आणि सामानाची फेरमांडणी, एवढ्यावर काम झालं. लिफ्ट लागलीच नाही.

मग लिफ्ट कधीच करू नये का? तसं नाही. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर जायचंय, पेट्रोल पंपाच्या चढावर शेपूट घासतंय, पाटे ठणठणीत आहेत, वजन मर्यादेत आहे, तर खुशाल करा. मात्र नीट करा. अ‍ॅक्सल मधोमध किंचित वर वाकवलेला असतो, भार आल्यावर चाकं सरळ उभी राहावीत म्हणून. तो नुसता उलटा फिरवला तर चाकं तिरकी होऊन टायर एका कडेने झिजतात. म्हणून नवीन बैठकाच वेल्ड करायच्या. यू-बोल्ट नवे घ्यायचे आणि पहिल्या सहलीनंतर पुन्हा आवळायचे. हिचची उंची बदलायची, नाहीतर नाक खाली जाऊन पुढच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येतो. वाऱ्यात ट्रेलर आधीपेक्षा जास्त डोलेल आणि आईला चढायला पायरी उंच पडेल, हेही धरून चाला.

उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅम गावात एक रेल्वे पूल आहे. खालची उंची 11 फूट 8 इंच, आणि त्यात छपरं सोलून घेणाऱ्या ट्रकांमुळे तो जगभर प्रसिद्ध झाला. शेवटी 2019 मध्ये तो 8 इंच उचलून 12 फूट 4 इंच केला. त्यानंतरही ट्रक आदळलेच! पूल उंच झाला, पाटी वाचायची सवय मात्र होती तिथेच राहिली.

असो. तुमच्यापैकी कुणी लिफ्टचं कोटेशन खिशात घेऊन फिरत असेल, तर आधी एकदा भरलेला ट्रेलर काट्यावर चढवा. खर्च एका पिझ्झाहून कमी येतो, आणि काटा भीड ठेवत नाही.