बोनस परत गेला, कर मात्र राहिला

बोळिंजमधील म्हाडाच्या इमारतींतून पहाटे विरार स्थानकाकडे निघणाऱ्या नोकरदारांना ‘जॉयनिंग बोनस’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. रुजू होताना कंपनी, समजा, दोन लाख रुपये देते. वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास ते परत करावेत, अशी अट नेमणूकपत्रात असते. घराच्या हप्त्याची चिंता वाहणारा माणूस तीवर सही करतो. यालाच आपल्याकडे करारस्वातंत्र्य म्हणतात!

हिशेब पाहावा. २० टक्क्यांच्या टप्प्यातील नोकरदाराच्या दोन लाखांतून कर व उपकर मिळून ४१,६०० रुपये सरकारजमा होतात. हाती १,५८,४०० पडतात. पुढच्या आर्थिक वर्षात त्याने राजीनामा दिला की कंपनी पुरते दोन लाख मागते. जे पैसे त्याने कधी पाहिलेच नाहीत, तेही त्याने पदरचे भरावयाचे. १९६१ च्या आयकर कायद्याने पगार देय होताच वा हाती पडताच करपात्र ठरविला; वजावटी मोजक्याच ठेवल्या, आणि परतफेड त्यांत धरली नाही. कलम ८९ ची सवलत थकबाकी व आगाऊ पगारापुरती. २०२५ च्या नव्या कायद्यानेही हीच चौकट पुढे नेली. व्यापाऱ्याचे बुडीत येणे वजा होते. नोकरदाराने परत केलेला पगार होत नाही.

अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ साली नोटिशीच्या मुदतीपोटी कापलेली रक्कम पगारातून वगळू दिली, हे खरे. परंतु तो वाद पगारातील कपातीचा होता; शिवाय तेथवर जाण्याची ऐपत कितीजणांची?

अमेरिकेत हा प्रश्न लुईस खटल्यात उभा राहिला. १९४४ च्या बोनसपैकी सुमारे निम्मा परत करूनही जुना कर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायम ठेवला; १९५४ साली तेथील काँग्रेसने अशा परतफेडीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद केली. ब्रिटनमध्ये २०१४ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने परत केलेला बोनस उणे उत्पन्न मानला. भांडवलशाहीच्या माहेरघरांना सुचले ते आपल्या अर्थखात्याला सुचू नये?

विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरविली. अशा अटींना आता अधिकच धार येईल. म्हणून कामगार संघटनांनी नेमणूकपत्रातच दोन शब्द घालून घ्यावेत: परतफेड कर वजा जाता हाती पडलेल्या रकमेचीच, आणि तीही उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. त्याच आर्थिक वर्षात पैसे परत केले असतील, तर कंपनीकडून करकपातीच्या दाखल्यात पगार तेवढा कमी दाखवून घ्यावा. मार्च उलटल्यावर ही वाटही बिकट होते.