प्रलयानंतर कोणते विमान?

वाचकहो, जगाचा अंत झाला आहे आणि आपण त्यातून बचावला आहात, अशी क्षणभर कल्पना करा. वीज नाही, रस्ते खचलेले, आकाशवाणी मुकी. अशा वेळी आपणांस हवे ते एक विमान, एकच, मिळणार आहे. आपण कोणते मागाल?

हा प्रश्न माझा नव्हे. पावसामुळे घरात अडकलेला माझा भाचा, त्याचा एक सोबती आणि धाकटी भाची यांनी तो एका रविवारी माझ्यापुढे टाकला. हल्लीच्या मुलांत एक बैठा खेळ रूढ झाला आहे. प्रत्येकाने एक पात्र व्हावयाचे, एकाने सूत्रधार होऊन संकटे सांगावयाची आणि फासा टाकून त्यांचा निकाल लावावयाचा. सोंगट्या आणि नाटक यांचे लग्न लावून द्यावे तसा हा प्रकार आहे. या खेपेस आमचे बंगळूरच उद्ध्वस्त झाले होते आणि विमान निवडण्यावरून भांडण जुंपले होते. "आत्या, तू पंच हो," असे म्हणून माझे भाषांतराचे कागद बाजूला सारण्यात आले.

भाच्याने मागितले होते अमेरिकेचे ब्लॅकबर्ड. आवाजाच्या तिपटीहून अधिक वेगाने जाणारे, टायटॅनियमचे, काळेभोर विमान. अशी विमाने अवघी ३२ झाली. पण त्याचे लाड काय सांगावेत! उड्डाणात धातू तापून प्रसरण पावणार म्हणून त्याचे सांधे मुळातच सैल ठेवलेले. त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्यातून इंधन ठिबकत असे. ते इंधनही खास त्याच्यासाठीच गाळलेले, आणि हवेत ते पाजण्यासाठी निराळी टँकर-विमाने. प्रलयानंतर एवढा परिवार आणावयाचा कोठून? दाराशी हत्ती बांधावा आणि चारा शेजारच्या संस्थानातून मागवावा, तशी ही हौस.

सोबत्याची निवड अधिक विचाराची होती. त्याला कॅटालिना हवी होती, पाण्यावर उतरणारी. दुसऱ्या महायुद्धात दुरुस्तीसाठी आलेल्या कॅटालिना आमच्या बेळ्ळंदूर तलावावर उतरत आणि तेथून कारखान्यात ओढून नेल्या जात, हे त्याने कोठेतरी वाचले होते. धावपट्टीला भेगा पडतील, पाण्याला कशा पडणार, हा त्याचा युक्तिवाद मला पटला. मात्र अलीकडच्या वर्षांत हा तलाव फेसामुळे आणि पाण्यावरच लागलेल्या आगीमुळे गाजला आहे. प्रलयाची वाट न पाहताच आम्ही ती धावपट्टी बिघडवून ठेवली, असे म्हणावे लागेल.

भाचीने 'पुष्पक' म्हणताच दोघेही हसले. "रावणाचे?" नव्हे; बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे. पुराणातील सर्वांत वैभवशाली विमानाचे नाव कारखान्याने आपल्या सर्वांत साध्या विमानाला दिले, याची मला नेहमीच गंमत वाटते. १९५८ साली पहिल्यांदा उडालेले हे दोन आसनी विमान म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि ९० अश्वशक्तीचे इंजिन. देशभरातील फ्लाइंग क्लबांसाठी अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली आणि कित्येकांनी त्यांवर उडण्याचे पहिले धडे घेतले. तासाला सुमारे २० लिटर पेट्रोल लागते, सपाट माळही उतरावयास पुरतो, आणि कापड फाटले तर शिवता येते. मी मोठ्या ऐटीत निकाल दिला: पुष्पक.

भाचा फुरंगटला. "मग मरुत कशाला बनवले? पुष्पकच करत बसायचे होते," तो म्हणाला. जुन्या विमानतळ रस्त्यावरील विमान-संग्रहालयात मुलांनी मरुत पाहिले होते, आणि त्या डौलदार लढाऊ विमानापुढून तो हलावयास तयार नव्हता, हे मला ठाऊक होते.

प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत प्रान्ट्ल यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे शिक्षण घेतले होते. एवढ्या विद्येचा माणूस या कारखान्यात आरंभी कशाच्या मागे लागला? तर 'एचटी-२' या साध्या शिकाऊ विमानाच्या. ते १९५१ च्या ऑगस्टात उडाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १७ जून १९६१ रोजी, जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या आराखड्यातील मरुत आकाशात गेले. त्याआधी, १९५९ मध्ये, त्याच मापाचे एक लाकडी ग्लायडर चाचणीसाठी उडवण्यात आले होते. ते वर ओढून नेणारे विमान कोणते? आपले गरीब बिचारे डकोटा! मरुतचा देह उत्तम होता, पण त्याला साजेसे जोरदार इंजिन कधी मिळाले नाही. ते बाहेरून यावयाचे होते. आले नाही, आणि बेताच्या इंजिनावर भागवावे लागले. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटात मरुतने काम बजावले. म्हणून त्याला हसण्याचे धाडस मी करणार नाही. खेळात मात्र मी ते देणार नाही.

इतक्यात भाचीने विचारले, "आत्या, असे खरेच कोणी केले आहे का? भंगारातून विमान उचलले आहे?"

केले आहे, आणि याच गावच्या माणसांनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथे कारखाना काढला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्या विमानांच्या दुरुस्तीत येथील कामगारांचे हात तयार झाले. युद्ध संपले तेव्हा कानपूरला चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने टाकून देण्यात आली. ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडण्यात आली होती. काहींच्या इंजिनांत वाळूसुद्धा ओतली होती, असे सांगतात. १९४८ साली नव्या भारताला बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि विकत घेण्याची ऐपत नव्हती. बंगळूरचे फिटर कानपूरला गेले. एका विमानाचा भाग दुसऱ्याला जोडत त्यांनी ती जेमतेम उडण्याइतकी सावरली. कारखान्याचे वैमानिक मुन्शी यांनी ती एकेक करून सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बंगळूरला आणली. अशी चाळीसच्या आसपास विमाने येथे पुन्हा उभी राहिली. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांवर हवाई दलाची तुकडी उभारली गेली आणि शेवटची लिबरेटर १९६८ साली निवृत्त झाली. त्यांपैकी काही आज इंग्लंड-अमेरिकेच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. ज्यांनी ती मोडून टाकली, त्यांनाच ती पुढे जतन करावीशी वाटली.

हे सांगून होईतो माझ्या लक्षात आले की मी स्वतःच्याच निकालावर पाणी सोडले होते. इंधन, धावपट्टी, आकार, माणसे. ज्या ज्या कसोट्यांवर मी पुष्पक निवडले, त्या सगळ्यांत लिबरेटर नापास. चार इंजिने, आठ-दहा माणसांचा ताफा, आणि वर मोडलेले! तरी ते वीस वर्षे उडाले. मुलांच्याही ते ध्यानात आले असावे. पंचाची लाज राखण्यासाठी कोणी बोलले नाही.

भाचा बराच वेळ फासा तळहातावर घोळवीत बसला. मग त्याने विचारले, "ब्लॅकबर्ड परत केले तर त्याच्या बदल्यात फिटर मिळतील का?"

सूत्रधाराने नियमांचे पुस्तक चाळले. तशी तरतूद त्यात नव्हती. चहा झाल्यावर आम्ही शेवटच्या कोऱ्या पानावर ती पेन्सिलीने लिहून घातली: एका ब्लॅकबर्डबद्दल चार फिटर, एक लेथ आणि कानपूरचा पत्ता.