चित्र म्हणजे अक्षर नव्हे

संगणकाच्या पडद्यावर आपण ‘भारत’ हा शब्द वाचतो, तेव्हा संगणकाच्या पोटात ‘भ’ही नसतो आणि ‘त’ही नसतो. तेथे असतात फक्त आकडे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘भ’ला २३४९, कान्याला २३६६, ‘र’ला २३५२ आणि ‘त’ला २३४० असे क्रमांक दिलेले आहेत. हे चार क्रमांक ओळीने आले की ‘भारत’ झाला. आता हाच शब्द कागदावर छापा आणि तो कागद स्कॅन करून पुन्हा संगणकात घाला. डोळ्यांना तो पूर्वीसारखाच दिसेल. परंतु ते चार क्रमांक गेले आणि त्यांच्या जागी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी आली. डोळस माणसाला या फरकाचा पत्ताही लागत नाही. अंध माणसाच्या लेखी मात्र पहिला शब्द आहे आणि दुसरा नाहीच.

असे का, ते पाहू. अंध व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या मदतीने. ही प्रणाली अक्षरांचे क्रमांक घेते आणि त्यांचा उच्चार करून ऐकवते. एनव्हीडीए ही अशी एक प्रणाली २००६ पासून विकसित होत आली असून ती विनामूल्य मिळते. तिच्याकडून मराठीही वाचून घेता येते. म्हणजे यंत्र आहे, आवाज आहे, ऐकणाराही आहे. शासनाच्या संकेतस्थळावर नुसते ठिपके असले, की हे सारे जागच्या जागी थांबते.

आणि ते ठिपके येतात कोठून, हे पाहिले तर हसावे की रडावे कळत नाही. बहुतेक सूचना मुळात संगणकावरच टंकलिखित झालेली असते. ती छापतात, साहेब सही करतात, शिक्का बसतो, मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. जे अक्षर होते त्याचे कष्ट करून चित्र केले जाते! फुटलेले अंडे जसे आपोआप सांधत नाही, तशीच ही उलट न फिरणारी क्रिया आहे. चित्रातून अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली आहे, हे खरे. पण अस्पष्ट प्रतीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत होऊ शकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख ११ की १९, हा प्रश्न यंत्राच्या अंदाजावर सोडण्यासारखा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, थोडा हिशोब करू. एका पानावर मराठी मजकुराचे २००० संकेत आहेत असे धरा. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट जागा घेतो; म्हणजे झाले ६००० बाइट. तेच ए-४ पान इंचाला ३०० ठिपके या मापाने स्कॅन केले, तर सुमारे २४८० × ३५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख ठिपके होतात. एका ठिपक्यास एक बाइट धरला तरी आकार चौदाशे पटींहून अधिक झाला. संकोचन करून तो पुष्कळ कमी करता येतो, तरी मूळ मजकुराच्या कितीतरी पट राहतोच. तेव्हा हा प्रश्न केवळ अंधांचा नाही. डोंगरातल्या वाडीत मोबाइलला जेमतेम रेघ मिळते, तेथील शेतकऱ्यालाही हे चित्र उतरवून घेत बसावे लागते, आणि त्यात ‘अनुदान’ हा शब्द शोधू म्हटले तर तो सापडत नाही.

दुसरा एक घोळ जुन्या फॉन्टचा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या असतात. त्यात लिहिलेला ‘भारत’ स्क्रीन रीडर ‘एच, के, के, जे, आर’ असा वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. इतक्या वर्षांनंतर याला सबब उरत नाही.

रंगांचेही गणित आहे. पांढऱ्याची सापेक्ष तेजस्विता १ आणि काळ्याची ०. दोन्हींत ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहानीने भागायचे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर १.०५ ÷ ०.०५ = २१. आंतरराष्ट्रीय निकषानुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ हवे. पांढऱ्यावरील फिकट करड्या अक्षराची तेजस्विता ०.३२ असेल तर ते २.८ च भरते. सुंदर दिसते म्हणून असा रंग निवडणाऱ्याने तो आजोबांना दाखवून यावे.

आमच्या महाविद्यालयातील एक अंध विद्यार्थी अर्ज भरण्यासाठी दरवेळी सायबर कॅफेत जात असे. पैसे तर जातच. शिवाय आधार क्रमांक, परवलीचा शब्द आणि मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक, सगळेच तिऱ्हाइताच्या हाती द्यावे लागे. त्याला संगणक आपल्यापैकी अनेकांपेक्षा चांगला येत होता. अडचण त्याच्या डोळ्यांत नव्हती, त्या पानात होती.

नियम नाहीत म्हणावे तर तसेही नाही. केंद्र शासनाने संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच काढली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, असे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ‘अशी माणसे किती?’ असे विचारणाऱ्यांसाठी आकडाही आहे: २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या.

मग अडते कोठे? माझ्या मते सहीशिक्क्याच्या कागदावरील श्रद्धेत. वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला २००० सालीच मान्यता दिली आहे. टंकलिखित मूळ प्रतीवरच ती सही करावी आणि तीच प्रत प्रसिद्ध करावी. हे जमेपर्यंत स्कॅनच्या शेजारी मूळ मजकूर ठेवायला तर काहीच खर्च नाही. ज्या कार्यालयातून नुसते चित्र येईल त्याला ते परत पाठवावे. दोनचारदा परत गेले की सवय लागते.

वाचकांनी स्वतः तपासून पाहावे. एखादी शासकीय सूचना उघडा आणि तिच्यातील एक शब्द निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. शब्द निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. निवडता आला पण चिकटवल्यावर भलतीच अक्षरे उमटली तर फॉन्ट जुना आहे. मग माउस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का तेही पाहा. जे आढळेल ते पानाचा पत्ता व तारीख घालून त्या खात्याला लिहून कळवा. आणि शिक्षकांना एक विनंती: सूचनाफलकाचा फोटो काढून तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची आपली पद्धत याच जातीची आहे. त्या फोटोखाली चार ओळी टंकून पाठवायला पाच मिनिटे लागतात.