आईचं व्हेनिस, पहिला मजला

व्हेनिस पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर स्लॉट मशिन्स, एस्कलेटरने वर गेलं की ग्रँड कॅनॉल! मस्करी नाही करत, बॉस. लास वेगासच्या ‘द व्हेनेशियन’ हॉटेलात हा सगळा कारभार खराखुरा आहे. म्हणजे खोटा आहे, पण खरंच आहे. कळलं ना?

तर सीन असा. दादा-वहिनी लॉस एंजेलिसजवळ राहतात. यंदा मार्चमध्ये मी आणि आई त्यांच्याकडे गेलो होतो. बाबांनी एवढ्या लांबच्या विमानाचं नाव काढताच गुडघा पुढे केला आणि पुण्यातच राहिले. एका शुक्रवारी दादा म्हणाला, ‘‘चला, वेगासला.’’ आई म्हणाली, ‘‘जुगाराच्या गावाला? मी काय करू तिथे?’’ दादाने फोनवर व्हेनेशियनचा फोटो दाखवला. आई चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘किती वाजता निघायचं?’’

इथे एक छोटासा फ्लॅशबॅक मस्ट आहे. आईला व्हेनिस बघायचंय, हे आमच्या घरात मांजरापासून सगळ्यांना माहीत आहे. सात वर्षांपूर्वी तिचं पोस्टातलं रिकरिंग मॅच्युअर झालं, युरोप टूरचं ब्रोशर फ्रिजवर मॅग्नेटने लागलं, आणि त्याच जूनमध्ये मला मास कॉमला अॅडमिशन मिळाली. प्रायव्हेट कॉलेज. फी ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प बसले. ब्रोशर फ्रिजवरून कधी उतरलं ते मला कळलंच नाही. त्यावर घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. आईने तर नाहीच. तेच जास्त लागतं, यार. आज मी फ्रीलान्स करते, म्हणजे चेक येईल तेव्हा खरा. आणि व्हेनिस अजून तिथेच आहे, इटलीत.

असो. वेगास!

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला लास वेगास म्हणतो ते बहुतेक सगळं लास वेगासमध्ये नाहीच. ती झगमगती हॉटेलं ज्या रस्त्यावर आहेत तो ‘स्ट्रिप’ शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो. सगळे ज्याच्यासमोर रांग लावून फोटो काढतात तो १९५९चा ‘वेलकम’ बोर्डही तिथलाच. म्हणजे सुरुवातच फसवाफसवीने. पण ती इतकी उघड उघड, की राग येत नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही चालायला सुरुवात केली. एका टोकाला लक्सर, म्हणजे काळ्या काचेचा तीस मजली पिरॅमिड. १९९३चा. आतल्या लिफ्ट सरळ वर जात नाहीत, भिंतीच्या उताराने तिरक्या जातात, आणि त्यांचं नाव एलिव्हेटर नाही तर ‘इनक्लिनेटर’. पिरॅमिडच्या टोकातून आकाशात एक प्रखर झोत सोडलाय. त्याच्याभोवती किडे, किड्यांमागे वटवाघळं, असा वरती वेगळाच बुफे चालू असतो. शेजारी एक्सकॅलिबर. लाल-निळ्या टोप्यांचा राजवाडा, वाढदिवसाच्या केकसारखा. रस्ता ओलांडला की न्यूयॉर्क. त्यात स्वातंत्र्यदेवता, आणि गगनचुंबी इमारतींमधून पळणारी रोलर कोस्टर. या देवतेची गंमत तर ऐकाच. २०१०च्या अखेरीस अमेरिकन पोस्टाने स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं आणि त्यावर चुकून या वेगासवाल्या देवतेचा फोटो छापला! मूर्तिकार रॉबर्ट डेव्हिडसन कोर्टात गेला. २०१८मध्ये कोर्टाने त्याला सुमारे ३५ लाख डॉलर द्यायला लावले. का? तर त्याने चेहरा मुळाबरहुकूम केला नव्हता, स्वतःचं काहीतरी घातलं होतं. कॉपीतली ओरिजिनॅलिटी. कट-पेस्टवर जगणाऱ्या माझ्या सर्व पत्रकार मित्रमैत्रिणींनी नोंद घ्यावी.

पॅरिसपाशी पोचेपर्यंत आईच्या चपला हातात यायच्या बाकी होत्या. इथली एक गोम सांगून ठेवते. समोरचं हॉटेल दोन मिनिटांवर वाटतं, चालायला लागतात वीस. इमारती इतक्या अवाढव्य असतात की अंतराचा अंदाजच येत नाही. त्यातून रस्ता ओलांडायचा म्हणजे पूल चढा, पूल उतरा, आणि उतरल्यावर बहुतेक वेळा समोर कॅसिनोचं दार. बाहेर पडायची वाट शोधताना पन्नास मशिन्स लागतात. घड्याळ दिसत नाही, खिडकी दिसत नाही, सिगारेटचा धूर मात्र मुबलक. त्यामुळे बूट घाला, पाण्याची बाटली ठेवा, आणि रूमचा रेट बघून हुरळून जाऊ नका. आमच्या हॉटेलने स्वस्तात रूम देऊन नंतर ‘रिसॉर्ट फी’ नावाखाली जवळजवळ तेवढेच पैसे वर लावले. दादा काउंटरवर दहा मिनिटं भांडला. इंग्लिशमध्ये भांडला म्हणून हरला, असं आईचं मत.

पॅरिसचा आयफेल टॉवर मूळच्या निम्म्या उंचीचा, ५४० फूट. त्याचे तीन पाय छत फोडून थेट कॅसिनोत उतरलेत. माणसं त्या पायांच्या सावलीत पत्ते खेळत होती, ढिम्म. समोर बेलाजिओचं तळं. कारंजी सुरू झाली आणि आईने माझा दंड घट्ट पकडला. पाणी ४६० फुटांपर्यंत उडतं म्हणे. भर वाळवंटात एवढं पाणी, हा प्रश्न मला पडला, तुम्हालाही पडला असेल. पूर्वी इथे ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, त्याच्या गोल्फ कोर्सला पाणी देणारी विहीर आता ही कारंजी चालवते. ड्यून्स १९९३मध्ये सुरुंग लावून पाडलं, १९९८मध्ये बेलाजिओ उभं राहिलं.

आणि तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘अगं, हे तर आपले गणपतीचे देखावे!’’

परफेक्ट! लक्ष्मी रोडला रात्री दहानंतर काय असतं? अमक्या मंडळाने अमकं मंदिर केलंय, तमक्याचा देखावा हलता आहे, पाय तुटलेत, गर्दी ढकलतेय, आणि तरी ‘एवढा एक बघू आणि मग जाऊ’. दगडूशेठसमोर दरवर्षी वेगळं मंदिर उभं राहतं, ते फायबर-प्लायवूडचं आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून कोणी हात जोडायचा राहतो का? इथे फक्त विसर्जनाला थोडा उशीर लागतो. १९८९मध्ये उघडलेलं मिराज, ज्याच्या दारात रोज रात्री ज्वालामुखी पेटायचा, ते जुलै २०२४मध्ये बंद झालं. आम्ही गेलो तेव्हा ज्वालामुखीच्या जागी क्रेन होत्या, तिथे गिटारच्या आकाराचं हॉटेल येतंय. १९५७चं ट्रॉपिकाना ऑक्टोबर २०२४मध्ये पाडलं, तेही आतषबाजी करून. ढोल-ताशे तेवढे नव्हते.

मग व्हेनेशियन. गोंडोलाची तिकिटं दादाने काढली. डोक्यावर रंगवलेलं आकाश, कायम संध्याकाळचं. पाणी उथळ, स्विमिंग टँकसारखं निळं. दोन्ही काठांना ब्रँडेड दुकानं. नावाडी इटालियन गाणं म्हणायला लागला, आवाज खरंच सॉलिड होता. मी आतून पार ओशाळले होते. वाटत होतं, माझ्या फीच्या बदल्यात आईला हे मिळालं, मॉलमधलं व्हेनिस! तिच्याकडे बघवेना. शेवटी बघितलं, तर ही बाई पाण्यात बोटं बुडवून गाण्यावर मान डोलावत होती. पुलाखालून जाताना वर उभ्या असलेल्या जपानी आजींना तिने हात केला. त्यांनीही केला.

रात्री सगळे झोपल्यावर मी खाली गेले. हो, कबूल. साठ डॉलर घेऊन, डोक्यात एक मूर्ख हिशेब घेऊन. लागला नंबर तर युरोप! आता खरा हिशेब ऐका. अमेरिकन रूलेच्या चाकावर ३८ खण असतात. १ ते ३६, शिवाय शून्य आणि डबल शून्य. तुमचा आकडा लागला तर मिळतात एकास पस्तीस. म्हणजे प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर हॉटेलचे, कायमचे. काही टेबलांवर तर तिसरं शून्यही असतं, तिथे आणखी मार. हा आयफेल टॉवर, ती कारंजी, तो ज्वालामुखी, सगळ्यांच्या मुळाशी ती शून्यं आहेत. मला हे माहीत होतं. यावर मी एकदा लेखही लिहिलाय. तरी २७ वर लावत राहिले, आईबाबांच्या लग्नाची तारीख म्हणून. पंधरा मिनिटांत साठ डॉलर साफ. एका लेखाचं मानधन, टीडीएस कापून.

सकाळी ब्रेकफास्टला आईचा फोन टिंगटिंग वाजत होता. तिने गोंडोलातला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, खाली एकच शब्द, ‘व्हेनिस’. मावशी, आत्या, नाशिकचे काका, सगळे तुटून पडले होते. अभिनंदन! युरोपला कधी गेलात? कळवलंही नाहीत! मला वाटलं, आता ती गप्प बसणार. बसू दे, म्हटलं. कोणाचं काय जातंय? पण तिने चष्मा लावून, एका बोटाने, सावकाश टाइप केलं. ‘अहो नाही, हे अमेरिकेतलं. हॉटेलातला देखावा आहे. खरं अजून राहिलंय.’

मी कॉफीत तोंड घातलं.

परतीच्या वाटेवर वाळवंट सुरू झालं. मी तिला रात्रीच्या साठ डॉलरचं सांगून टाकलं. ‘‘गाढव आहेस,’’ एवढंच म्हणाली आणि पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली. मग मी विषय बदलायला म्हटलं, खऱ्या व्हेनिसनेही २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या टूरिस्टांना तिकीट लावलंय. आईने बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

‘‘रात्री मुक्काम केला तर?’’

‘‘मग नाही लागत ते.’’

‘‘मग मुक्कामच करू,’’ ती म्हणाली. ‘‘ते शेंगेन का काय, त्या व्हिसाला किती दिवस लागतात गं?’’